कृष्णवर्णीय विद्यार्थी, स्वप्रतिमा आणि गुण : वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटतो, ही समजूत १९४०च्या दशकातल्या बाहुल्यांच्या प्रयोगांतून रुजली. रंग सोडून सगळं सारखं असलेल्या बाहुल्यांतून बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिलेल्या निकालाच्या तळटीपेत या संशोधनाचा आधार घेतला गेला. निकाल न्याय्यच होता. पण पसंतीवरून थेट आत्मसन्मान मोजण्याची सवय तेव्हापासून लागली. पुढे लोकांना स्वतःबद्दलच विचारणाऱ्या शेकडो पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा २००० साली उलटं चित्र दिसलं. कृष्णवर्णीयांचा सरासरी आत्मसन्मान गोऱ्यांपेक्षा थोडा जास्तच निघाला.

मग परीक्षांत त्यांचे सरासरी गुण गोऱ्यांपेक्षा कमी का? इथे १९९५चा स्टॅनफर्डमधला प्रयोग येतो, आणि त्यावरून झालेला घोळ आजही निस्तरलेला नाही. विद्यार्थ्यांना जीआरईच्या (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या) धर्तीचे भाषेचे अवघड प्रश्न दिले. ‘ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे’ असं सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. तेच प्रश्न ‘यातून क्षमता मोजायची नाही’ असं सांगून दिल्यावर सुधारले. एका फेरीत तर आधी वंशाच्या रकान्यात खूण करायला लावली, तेवढ्यानेही फरक पडला. आपल्या वंशाबद्दलचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल, हा तो धाक. बातम्यांतून मात्र ‘धाक काढला की दरी मिटते’ असं छापून आलं. ते चूक आहे. संशोधकांनी गुणांची तुलना आधीच्या एसएटीचे (कॉलेज प्रवेशपरीक्षेचे) गुण हिशेबात धरून केली होती. म्हणजे त्या परीक्षेत दिसलेली दरी तशीच होती, धाकाने ती आणखी रुंदावत होती. हा फरक विसरला की शाळांचा निधी, वस्त्यांची विभागणी, शिक्षकांची कमतरता सगळं बाजूला पडतं आणि दोष पुन्हा पोरांच्या मनावर येतो.

पुढच्या प्रयोगांनी ‘आपण इथले आहोत का’ या प्रश्नाला हात घातला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, मग सरावतं. जेमतेम तासाभराचं काम. तीन वर्षांत गुणांतली दरी निम्म्यावर आली, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. अभ्यास मात्र एकाच निवडक विद्यापीठातला, शंभराहून कमी विद्यार्थ्यांवरचा. बाल्टिमोरजवळच्या एका सरकारी विद्यापीठाने त्याआधीच, १९८८ साली, जास्त खर्चाचा मार्ग धरला होता : शिष्यवृत्ती, प्रवेशाआधीचा उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

२०२३ साली प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत पुढच्याच तुकडीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ५वर आलं.