हमदान खटला
हमदान खटला : ग्वांटानामो बे (क्यूबा) येथील अमेरिकी नौदल तळावर ठेवलेला येमेनी बंदी सलीम अहमद हमदान याच्यावर लष्करी आयोगापुढे चाललेला खटला आणि त्यातून उद्भवलेले न्यायालयीन वाद (२००४–१२). हमदानने काय केले यापेक्षा त्याचा न्याय कोणी करावा, हाच या वादाचा गाभा राहिला.

हमदानचा जन्म येमेनच्या हद्रामौत भागातला; साल १९६८ ते १९७० च्या दरम्यानचे धरतात. १९९६ च्या सुमारास तो अफगाणिस्तानात आला व ओसामा बिन लादेनकडे दरमहा सुमारे २०० डॉलरवर वाहनचालक म्हणून राहिला. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात स्थानिक सशस्त्र गटाने त्याला पकडून अमेरिकी सैन्याच्या हवाली केले. गाडीत दोन विमानविरोधी क्षेपणास्त्रे सापडली. गाडी उसनी घेतलेली होती, असा बचाव पुढे मांडण्यात आला. २००२ मध्ये त्याला ग्वांटानामोला नेले.

लष्करी आयोगाचा उगम : लष्करी आयोग म्हणजे युद्धकाळात शत्रुपक्षाच्या किंवा व्याप्त प्रदेशातील व्यक्तींचा न्याय करण्यासाठी नेमलेले सेनाधिकाऱ्यांचे न्यायासन. सैनिकांसाठी असलेल्या कोर्ट मार्शलहून हा आयोग वेगळा. त्याचे मूळ काही जण १७८० पर्यंत नेतात. त्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ब्रिटिश मेजर जॉन आंद्रे याच्या हेरगिरीची चौकशी सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवली होती. मात्र ते मंडळ शिफारस करणारे होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील लष्करी कायद्याचे भाष्यकार विन्थ्रॉप १८४७ हे साल धरतात, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. मेक्सिको युद्धात जनरल विनफील्ड स्कॉट यांनी व्याप्त प्रदेशातील खून, चोरी अशा गुन्ह्यांसाठी ‘आयोग’ आणि युद्धनियमांच्या भंगासाठी ‘युद्धपरिषद’ अशी दोन न्यायासने नेमली. अमेरिकी यादवी युद्धात दोन्हींची कामे एकाच आयोगाकडे आली. पुढचा सारा घोळ या सरमिसळीतला आहे. व्याप्त प्रदेशातील आयोगाला जे चालते, ते युद्धनियमभंग तपासणाऱ्या आयोगाला चालेलच असे नाही. (ब्रिटिशांनी १८५८ मध्ये बहादूरशाह जफर यांच्यावर दिल्लीत चालवलेला खटलाही लष्करी आयोगापुढचाच, तिथेही अधिकारक्षेत्राचा प्रश्न पुढे चर्चेत राहिला.) १९४२ मध्ये अमेरिकेत उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांचा क्विरिन खटला, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी आयोग वैध ठरवला, हा हमदान प्रकरणात सरकारचा मुख्य आधार होता.

न्यायालयीन वाद : राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या १३ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाखाली २००४ मध्ये हमदानवर कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला. बचावासाठी नेमलेले नौदलातील वकील चार्ल्स स्विफ्ट आणि कायद्याचे प्राध्यापक नील कात्याल यांनी आयोगालाच आव्हान दिले. नोव्हेंबर २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने कामकाज थांबवले, तर जुलै २००५ मध्ये अपील न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. त्या खंडपीठावर असलेले जॉन रॉबर्ट्स पुढे सरन्यायाधीश झाले, म्हणून सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीपासून ते अलिप्त राहिले. २९ जून २००६ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : आयोगाची रचना व कार्यपद्धती लष्करी न्यायसंहितेशी आणि जिनीव्हा करारांच्या सामायिक अनुच्छेद ३ शी (बंद्यांना किमान मानवी वागणूक व रीतसर न्यायालय देणारे, चारही करारांतील समान कलम) विसंगत आहे.

कट हा युद्धनियमांखालील गुन्हा आहे काय, यावर मात्र बहुमत झाले नाही. तो नाही, असे न्या. स्टीव्हन्स यांच्यासह चौघांचे मत, न्या. केनेडी यांनी त्या भागाला संमती दिली नाही. निकालाचे वर्णन करताना ही मर्यादा पुष्कळदा सुटते.

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा करून आयोगांना वैधानिक आधार दिला. जून २००७ मध्ये लष्करी न्यायाधीश कीथ ऑलरेड यांनी आरोप फेटाळले, कारण नव्या कायद्यानुसार आयोगापुढे फक्त ‘बेकायदेशीर शत्रू लढवय्या’वरच खटला चालू शकत होता आणि हमदान ‘शत्रू लढवय्या’ ठरला असला तरी ‘बेकायदेशीर’ हे विशेषण त्याला लागले नव्हते. डिसेंबरमधील सुनावणीनंतर तेही लागले. ऑगस्ट २००८ मध्ये सहा अधिकाऱ्यांच्या ज्यूरीने कटातून त्याला निर्दोष सोडले, दहशतवादाला साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले आणि ६६ महिन्यांची शिक्षा दिली. सरकारी पक्षाने किमान ३० वर्षे मागितली होती. आधी बंदिवासात काढलेल्या काळापैकी ६१ महिने शिक्षेतून वजा झाले. नोव्हेंबरमध्ये त्याला येमेनला पाठवण्यात आले आणि जानेवारी २००९ मध्ये तो सुटला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ही दोषसिद्धीही रद्द केली. २००६ पूर्वी ‘साहाय्य’ हा आंतरराष्ट्रीय युद्धनियमांखालील गुन्हा नव्हता, असे न्या. कॅव्हनॉ यांनी निकालपत्रात म्हटले. याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये ग्वांटानामोतील दुसरा बंदी अल-बहलूल याच्या खटल्यात, २००६ चा कायदा आधीच्या कृत्यांना लागू होत नाही, हा कॅव्हनॉ यांचा अन्वयार्थ नाकारला, पण साहाय्याबद्दलची दोषसिद्धी तिथेही टिकली नाही. अल-बहलूलची कटाबद्दलची दोषसिद्धी २०१६ मध्ये कायम झाली. ती कायम करणाऱ्या न्यायाधीशांची कारणे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.