स्मृतिभ्रंश आणि घरची शुश्रूषा

मेंदूच्या निरनिराळ्या आजारांमुळे स्मरणशक्ती, भाषा, विचार, स्थळकाळाचे भान आणि रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता क्रमाक्रमाने खालावत जाते, त्या लक्षणसमूहाला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी सुमारे 60 ते 70 टक्के लोकांमध्ये मूळ आजार अल्झायमर हा असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि मेंदूच्या पुढच्या व कानशिलाजवळच्या भागांचा ऱ्हास ही इतर महत्त्वाची कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि त्यांतील 60 टक्क्यांहून अधिक लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. या देशांत रुग्णाची काळजी जवळजवळ पूर्णपणे घरातच घेतली जाते. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत आजाराच्या वैद्यकीय अंगापेक्षा ती काळजी घेणाऱ्यांवर झालेल्या संशोधनाला, विशेषतः गोव्यातील कामाला, अधिक जागा दिली आहे.

मराठीत या अवस्थेसाठी फार पूर्वीपासून ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही त्याच समजुतीतून आली आहे. वय झाले की असे व्हायचेच, असे या दोन्हींत गृहीत धरलेले आहे आणि त्याचा परिणाम असा होतो की रुग्णाला डॉक्टरांना दाखवायला नेण्यातच वर्षे जातात. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तेथे क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशी साखळी सांगितली असून तिचा संदर्भ मनुष्याच्या नैतिक घसरणीचा आहे. वैद्यकातील स्मृतिभ्रंशाचा रुग्णाच्या वागण्याच्या बऱ्यावाईटाशी काहीही संबंध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र बोलीत वेगळे नामच नाही. ‘ती सासूबाईंचं करते’, ‘तो वडिलांचं बघतो’ एवढेच म्हटले जाते आणि ‘करणे’ या एका क्रियापदात न्हाऊ घालणे, भरवणे, रात्रीचे जागणे, औषधे, बँकेची कामे आणि शेजाऱ्यांना द्यावी लागणारी उत्तरे हे सर्व सामावते. ज्या कामाला नाव नाही, त्याची मोजदादही उशिरा सुरू झाली.

वास्तविक या आजाराच्या नोंदीची सुरुवातच घरच्या माणसापासून होते. 1901 मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. त्याच्याविषयी तिला निराधार संशय येऊ लागला होता, ती घरात वस्तू लपवून ठेवत असे आणि तिला घरी सांभाळणे त्याला अशक्य झाले होते. डॉ. अलोईस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संवाद टिपून ठेवले. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे’ हे तिचे वाक्य त्यांत आहे. 1906 मध्ये तिच्या मृत्यूनंतर अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची तपासणी करून निष्कर्ष मांडले आणि 1910 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. त्यानंतरच्या दीर्घ काळात संशोधन मुख्यतः मेंदूच्या पेशींभोवती फिरत राहिले.

कोची ते गोवा : 1998 मध्ये केरळातील कोची येथे भरलेल्या एका बैठकीतून ‘10/66 डिमेन्शिया रिसर्च ग्रुप’ स्थापन झाला. स्मृतिभ्रंशाचे सुमारे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्याधारित संशोधनाचा 10 टक्क्यांहूनही कमी वाटा त्या देशांच्या वाट्याला येतो, ही विषमता या नावातच नोंदवलेली आहे. या गटापुढचा पहिला प्रश्न निदानाचा होता. लिहिणे, वाचणे आणि आकडेमोड यांवर आधारलेल्या प्रचलित चाचण्यांत कधीच शाळेत न गेलेली आजी निरोगी असूनही नापास होते, तर उच्चशिक्षित माणूस आजार सुरू झाल्यावरही उत्तीर्ण होऊ शकतो. म्हणून गटाने शिक्षणावर अवलंबून नसलेली निदानपद्धत तयार केली आणि 25 केंद्रांवर पारखून ती 2003 मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत रुग्णाच्या चाचणीइतकेच महत्त्व घरच्या माणसाच्या मुलाखतीला आहे. पूर्वी जमणारे कोणते काम आता जमत नाही, भाजीत मीठ दोनदा पडते का, ओळखीच्या वाटेवर चुकणे होते का, हे घरातल्यांनाच माहीत असते.

गोव्यातील अभ्यास याच सुमारास सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोव्यातील वृद्ध, घरचे लोक, डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांच्यापुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे वर्णन ठेवून त्यांना काय वाटते ते विचारले. वर्णन सर्वांच्या ओळखीचे निघाले, मात्र त्याला आजार कोणीच मानले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या पाहण्यात असे रुग्ण क्वचितच आले होते, कारण त्यांना तेथे आणलेच जात नव्हते. गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मात्र अशी माणसे नेमकी माहीत होती. अभ्यासातील सर्वांत गंभीर निष्कर्ष कारणांविषयीचा होता. मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाचे असे झाले, असा समज सर्वत्र आढळला. भारतीय एकत्र कुटुंब वृद्धांना आपोआप सांभाळते या गृहीतकालाही या अभ्यासाने धक्का दिला, कारण सांभाळण्यामागे पुष्कळदा घर-जमिनीच्या वारशाची अपेक्षा असल्याचे लोकांनीच सांगितले.

हेळसांडीचा हा आरोप घरात कसा लागू होतो, ते एका नेहमीच्या प्रसंगावरून कळते. अर्ध्या तासापूर्वी जेवलेली सासू ओसरीवर येऊन शेजारणीला सांगते की सकाळपासून मला कोणी घासभरही दिला नाही. ती खोटे बोलत नसते, जेवल्याची आठवण तिच्या मेंदूत साठलेलीच नसते. शेजारीण ऐकते, गावात चर्चा होते आणि बोल सुनेला लागतो. जिने भरवले तिलाच उपाशी ठेवल्याचा दोष सोसावा लागणे हा या शुश्रूषेतला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग आहे, आणि औषधापेक्षा आजाराची माहिती शेजारीपाजारी पोहोचण्याने तो अधिक हलका होतो.

शुश्रूषेचा भार : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये स्मृतिभ्रंशाचा जगावरील आर्थिक भार 1.3 लाख कोटी डॉलर होता आणि त्यातला सुमारे निम्मा वाटा घरच्यांनी व स्नेह्यांनी केलेल्या बिनपगारी कामाचा होता. हे काम सरासरी दिवसाला 5 तासांचे असून त्यातले 70 टक्के तास स्त्रियांचे असतात. पत्नी, लेक आणि सून अशी ही उतरंड आपल्याकडेही ओळखीची आहे. हा भार मोजण्यासाठी अमेरिकेतील स्टीव्हन झारिट यांनी 1980 मध्ये तयार केलेली प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. 10/66 गटाने भारत, चीन, लॅटिन अमेरिका, आफ्रिका अशा प्रदेशांतील 24 केंद्रांवर 706 काळजीवाहकांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या कुटुंबात ताण काहीसा कमी असला तरी एकूण ताण श्रीमंत देशांइतकाच असल्याचे आढळले.

हा ताण शरीरावरही उमटतो. ओहायो राज्य विद्यापीठातील जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या व आर्थिक स्थितीच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम करून ती भरून येण्यास लागणारे दिवस मोजले. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी 48.7 दिवस लागले, तर इतर स्त्रियांना 39.3 दिवस पुरले. अभ्यास लहान होता, तरी ‘थकवा मनाचा आहे, विश्रांती घ्या’ असे सांगून ज्यांची बोळवण होते त्यांच्यासाठी तो फार मोलाचा पुरावा आहे. रुग्णाच्या केसपेपरवर काळजीवाहकाची नोंद एखाद्या फोन नंबरापुरतीच असते. खरे पाहता तिचा रक्तदाब, तिची झोप आणि तिचे खाणे यांचीही त्याच भेटीत विचारपूस व्हायला हवी.

गोव्यातील चाचणी : या पार्श्वभूमीवर अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ या संस्थेमार्फत गोव्यातील दोन तालुक्यांत घरपोच साहाय्याची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांची 81 कुटुंबे तीत सहभागी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने 41 कुटुंबांना साहाय्य लगेच मिळाले, उरलेल्या 40 कुटुंबांना ते 6 महिन्यांनंतर मिळणार होते. साहाय्य देणाऱ्या व्यक्ती डॉक्टर किंवा परिचारिका नव्हत्या. उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषेचे ज्ञान आणि या कामाची मनापासून ओढ एवढ्या अटींवर निवडलेल्या गृहसल्लागारांना थोडे प्रशिक्षण देऊन किमान पंधरवड्यातून एकदा घरी पाठवले जाई, आणि त्यांच्यावर एक समुपदेशक व एक मानसोपचारतज्ज्ञ देखरेख ठेवत. आजार म्हणजे काय ते सांगणे, त्रासदायक वागणुकीला कसे तोंड द्यावे ते समजावणे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे, अशाच इतर कुटुंबांशी गाठ घालून देणे आणि सरकारी योजनांची माहिती देणे, असे त्यांचे काम होते.

वागणुकीविषयीचा सल्ला म्हणजे काय, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. जन्म ज्या घरात काढला त्याच घराच्या ओसरीवर पदर सावरून, पिशवी काखोटीला मारून आजी बसते आणि ‘मला घरी सोडा, आई वाट बघत असेल’ असे पुन्हापुन्हा म्हणते. ‘अहो, हेच तुमचं घर, आई जाऊन चाळीस वर्षं झाली’ असे खरे उत्तर दिले की ती चिडते, क्वचित आई आत्ताच गेल्यासारखी रडू लागते. त्याऐवजी ‘तुमच्या आई काय करायच्या हो संध्याकाळी?’ असे विचारून तिला बोलते करावे, अंगणात एक फेरी मारून आणावी, घरात दिवे जरा लवकर लावावेत आणि हातात निवडायला थोडी भाजी द्यावी, म्हणजे ती वेळ बहुधा निभावते. यात कोणतेही अवघड शास्त्र नाही, पण कोणी येऊन सांगितल्याशिवाय ते सुचत नाही, कारण थकलेला माणूस आधी खरे-खोटे समजावण्याच्याच मागे लागतो.

चाचणी संपली तेव्हा साहाय्य मिळालेल्या काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य दुसऱ्या गटापेक्षा सुधारले होते आणि रुग्णाच्या वागणुकीमुळे होणारा त्यांचा त्रास लक्षणीय प्रमाणात घटला होता. झारिट प्रश्नावलीतील भार आणि रुग्णाच्या वागणुकीतील बिघाड यांतही थोडी घट दिसली, मात्र ती संख्याशास्त्रीय कसोटीवर ठाम ठरली नाही. रुग्णाचे वागणे फारसे बदलले नसतानाही काळजीवाहकाला ते सोसवू लागले, हा या निष्कर्षाचा गाभा आहे. चाचणीच्या काळात 18 रुग्णांचा मृत्यू झाला आणि 59 कुटुंबांनी ती पूर्ण केली.

अन्य देशांतील अनुभव याला पूरक आहेत. 10/66 गटाचा प्रत्येकी सुमारे अर्ध्या तासाच्या 5 भेटींचा कार्यक्रम मॉस्को आणि लिमा येथे वापरला असता काळजीवाहकांचा भार कमी झाल्याचे आढळले. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी आपल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्या 406 पती वा पत्नींवर केलेल्या दीर्घ अभ्यासात समुपदेशन मिळालेल्या कुटुंबांत रुग्णाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ सुमारे 557 दिवस लांबली. जागतिक आरोग्य संघटनेने काळजीवाहकांसाठी ‘आय-सपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला आहे. भारतात त्याची चाचणी झाली तेव्हा अनेकांनी तो अर्धवट सोडला. ज्यांना अंघोळीलाही उसंत नाही त्यांनी संगणकावर पाठ पूर्ण करावेत ही अपेक्षाच जड आहे, आणि घरी येणाऱ्या माणसाचे महत्त्व त्यावरून अधिक पटते.

उपचार व प्रतिबंध : डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन यांसारखी औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात. अमेरिकेत लेकॅनेमॅबला 2023 मध्ये पूर्ण आणि डोनॅनेमॅबला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. ही औषधे अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हासाची गती काहीशी मंद करतात, पण मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अल्पशिक्षण, एकाकीपण असे बदलता येण्याजोगे 14 धोके नोंदवले असून जगातील सुमारे 45 टक्के रुग्णांचा संबंध त्यांच्याशी जोडला आहे.

भारतातील स्थिती : 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील पाहणीनुसार भारतात 60 वर्षांवरील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे जिथे निदान व सेवा सर्वांत दुर्मीळ आहेत तिथेच रुग्ण अधिक आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 मध्ये केरळात स्थापन झाली आणि तिच्या शाखा पुढे अनेक शहरांत निघाल्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही, तर मानसिक आरोग्यासाठी 14416 ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे, आणि दुसऱ्या सेवेवर काळजीवाहकही स्वतःसाठी बोलू शकतात. मुंबई-पुण्यात ब्युरोमार्फत आया मिळतात, परंतु त्यांचा महिन्याचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी कसे वागावे याचे शिक्षण त्यांना क्वचितच मिळालेले असते.

कायदेशीर बाजूकडे कुटुंबांचे लक्ष साधारणपणे उशिरा जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार प्रौढ व्यक्तीला मानसिक आजारासाठी आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचे आगाऊ निर्देश देता येतात आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. मालमत्ता व बँक व्यवहारांची गोष्ट मात्र निराळी आहे. रुग्णाने पूर्वी दिलेले साधे मुखत्यारपत्र, त्याची समज हरपल्यावर भारतीय करार कायद्यानुसार संपुष्टात येते, म्हणजे नेमके ज्या वेळी त्याची गरज पडते त्याच वेळी ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर वडिलांच्याच उपचारासाठी वडिलांच्याच खात्यातील पैसे काढायला मुलांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून निदान होताच, रुग्णाला स्वतःची सही करता येते आणि कोणावर विश्वास आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगता येते तोवरच, संयुक्त खाते, वारसनोंद, मृत्युपत्र आणि आगाऊ निर्देश ही कामे त्याला विचारून पूर्ण केली जावीत.