लायसँडरचं मॉडेल करून घेताय? शिडी चिकटवू नका

दुसऱ्या महायुद्धातले भारतीय हवाई दलाचे वैमानिक करुण कृष्ण मजुमदार यांचं लायसँडर विमान करून द्या, अशी मागणी आमच्याकडे वरचेवर येते. सोबत बहुतेकदा अर्धं जोडलेलं किट असतं, कॉकपिटच्या डाव्या अंगाला शिडी आणि पोटाखाली मोठी टाकी पक्की चिकटवलेलं. तिथेच आमचं काम दुप्पट होतं.

शिडी आणि टाकी हेरांची ने-आण करणाऱ्या विमानांची. वेस्टलँड कंपनीचं लायसँडर 1936 साली पहिल्यांदा उडालं आणि 1938 मध्ये ब्रिटिश हवाई दलात आलं, ते टेहळणी, तोफांचा नेम सुधारणं आणि निरोप पोचवणं यासाठी. 1940 मध्ये फ्रान्सच्या लढाईत जर्मन लढाऊ विमानांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. शंभराहून अधिक गमावली. मात्र अगदी थोडक्या जागेत उतरण्याचा गुण कामी आला. चांदण्या रात्री फ्रान्समधल्या शेतात, जमिनीवरच्या तीन टॉर्चच्या उजेडात उतरायचं, हेर सोडायचे, दुसरे घ्यायचे आणि लगेच परत. चढउतार झटपट व्हावी म्हणून शिडी, लांब पल्ल्यासाठी 150 गॅलनची टाकी. ती विमानं मार्क 3, म्हणजे लायसँडरची तिसरी आवृत्ती.

आपल्या हवाई दलाच्या 1 नंबर स्क्वॉड्रनला, म्हणजे मजुमदारांच्या तुकडीला, 1941 साली मिळालेली लायसँडर मार्क 2 होती. ती मुंबईच्या युद्धनिधीतून आलेली. (मुंबईकर गिऱ्हाईक हे ऐकून हमखास खूश होतं!) फेब्रुवारी 1942 मध्ये मजुमदारांनी ब्रह्मदेशातल्या टाउंगूहून याच टेहळणी विमानांना बाँब लावून थायलंडमधल्या जपानी तळावर हल्ला केला. त्यांना शिडीची गरज नव्हती. मार्क 2 चं पर्सियस इंजिन वेगळं, त्यामुळे नाकाचं आवरणही गुळगुळीत. मार्क 3 च्या आवरणावर बारीक उंचवटे असतात.

चिकटवलेली शिडी काढून पुट्टी भरायची, घासायचं, पुन्हा प्रायमर मारायचा, याचे वेगळे पैसे लागतात. ‘एवढ्याशा शिडीचे?’ असं विचारलं जातं. शिडी एवढीशीच, पण तिच्यापायी सगळी बाजू नव्यानं रंगवावी लागते.

विमानावरच्या हवाई दलाच्या गोल चिन्हातला लाल ठिपका काढा, असाही आग्रह होतो. जपानी सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो पुढे काढला हे खरं, पण टाउंगूच्या विमानांवर तो होता. आम्ही ठेवतो.

हेरांचंच विमान हवं असेल तर तेही आनंदानं करतो. संपूर्ण काळं मात्र सुचवणार नाही. खाली ढग असले की वरून काळा आकार उठून दिसे, म्हणून पुढे वरची बाजू हिरवी-करडी ठेवू लागले.

तेव्हा खोका न जोडता आणा आणि स्क्वॉड्रन व साल लिहून द्या. किट घेतलंच नसेल तर उत्तम: मार्क 2 चं नाक आणि भारतीय चिन्हांचे डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) आमच्याकडे तयार असतात, दोन्ही एकदम घेतल्यास जोडणीच्या मजुरीत सूट.