प्रारूप विकास आराखड्यात पेठेतली जागा बाधित होत असेल, तर हरकत कशी नोंदवावी?

वाई, पंढरपूर किंवा तुमच्याआमच्या कुठल्याही नगरपरिषदेच्या गावात मध्यवस्तीचा कायापालट ठरतो तो विकास आराखड्याच्या नकाशावर. बाजारपेठेतला रस्ता किती मीटरचा होणार, मंडई कुठे जाणार, कोणत्या वाड्यावर वाहनतळाचे आरक्षण पडणार, हे सगळे त्यात असते. आराखडा साधारण 20 वर्षांसाठी असतो. प्रारूप, म्हणजे आराखड्याचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाले की नगरपरिषदेला बांधकाम परवानगी देताना त्याची दखल घ्यावी लागते, त्यामुळे 'मंजूर झाल्यावर बघू' हा विचार महागात पडतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार प्रारूपाची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते. हरकतींसाठी 30 दिवस मिळतात आणि ते राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात. शेजाऱ्याने तुम्हाला सांगितले त्या दिवसापासून नव्हे!

हरकत कोणीही घेऊ शकते. मालकीची अट नाही. भाडेकरू दुकानदार, फेरीवाले, पेठेतले रहिवासी, सगळ्यांना हा हक्क आहे. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून आजोबांचेच नाव असेल तरी वारसाने हरकतीसाठी थांबू नये. वारसनोंद पुढे मोबदल्याच्या वेळी लागेलच, ती सवडीने करता येईल. आणि विरोधच करायला हवा असेही नाही. 'मंडई इथेच ठेवा', 'जुना वाडा वारसा म्हणून जतन करा' अशी सूचनाही देता येते.

आधी नगररचना विभागात जाऊन नकाशा नीट पाहा. संबंधित भागाची प्रमाणित प्रत विकत मिळते, ती घ्याच. मोबाइलवर फिरणाऱ्या अस्पष्ट फोटोवर भरवसा ठेवू नका. पेठेत घरे भिंतीला भिंत लागून असतात, रेघ थोडी सरकली तर आपले दुकान वाचते किंवा जाते. आपला सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, शोधा आणि विद्यमान भूवापर नकाशाही, म्हणजे सध्या कोणती जागा कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा नकाशा, तपासा. राहते घर तिथे मोकळी जागा म्हणून दाखवले असेल, तर तो हरकतीचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नाव, पत्ता, नगर भूमापन क्रमांक, आराखड्यातला आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, बाधित होणारे क्षेत्र, कारण आणि पर्याय, एवढे लिहा. सोबत मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, असेल तर बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती आणि फोटो जोडा. भाडेकरूने भाडेपावती व दुकानाचा परवाना लावावा. छापील मजकुरावर शंभर सह्या घेऊन गठ्ठा देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने दबाव येतो, पण सगळ्या गठ्ठ्याचा निर्णय एका ओळीत होतो. याउलट, 'रस्ता 12 ऐवजी 9 मीटर ठेवावा, कारण पुढच्या चौकात तो 9 मीटरच आहे' असा मुद्दा खोडायला समितीला कारण द्यावे लागते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका.

पुढची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात नगरपरिषदेच्या समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणीला स्वतः जा आणि पर्याय नकाशावर बोट ठेवून दाखवा. समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. शासनाने सारभूत, म्हणजे मोठे, बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. पहिल्या फेरीत वाचलेली जागा या फेरीत अडकू शकते, म्हणून ती जाहिरातही वाचा.

एवढे करूनही आरक्षण कायम राहिले, तर जागेच्या बदल्यात रोख मोबदला, चटई क्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क), असे मार्ग याच अधिनियमाच्या कलम 126 मध्ये आहेत. छोट्या गावात टीडीआरला लगेच गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, हे सही करण्यापूर्वी ध्यानात घ्या. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षे झाली तरी जागा संपादित झाली नसेल, तर मालकी किंवा हितसंबंधाची कागदपत्रे जोडून कलम 127 ची नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नोटिशीला कागदपत्रे जोडली नाहीत, तर नेमक्या त्याच कारणावरून ती फेटाळली जाण्याचा धोका असतो.