थर्मोकपल (गॅसच्या वॉटर हीटरमधला)

थर्मोकपल म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढी धातूची कांडी आणि तिच्या मागे शेपटीसारखी तांब्याची बारीक नळी. अमेरिकेत, कॅनडात बऱ्याच घरांच्या बेसमेंटमध्ये जो उभा गॅसचा हीटर असतो, ४०-५० गॅलनचा म्हणजे आपल्या हिशोबाने १५० ते १९० लिटरचा, त्यातल्या जुन्या पद्धतीच्या हीटरमध्ये ही कांडी पायलटच्या, म्हणजे मेन बर्नर पेटवण्यासाठी कायम जळत ठेवलेल्या छोट्या ज्योतीत चोवीस तास भाजत असते. तिचं काम एकच, ज्योत पेटलेली आहे याची साक्ष देत राहणं. पुष्कळांना वाटतं ही पाण्याचं टेंपरेचर मोजते, तर नाही, ते काम थर्मोस्टॅटचं, कांडीचा पाण्याशी काही संबंध नाही.

हा हीटर म्हणजे खरं तर आपला तांब्याचा बंबच, मधून धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळ, फक्त लाकडांच्या जागी बर्नर. पण बंबातला जाळ विझला तर पाणी गार होतं, विषय संपला. इथे ज्योत विझली आणि गॅस मात्र येतच राहिला तर तो बेसमेंटमध्ये साठणार, आणि प्रोपेन असेल तर तो हवेपेक्षा जड, जमिनीलगतच बसून राहणार. म्हणून हा पहारेकरी.

यामागचं तत्त्व थॉमस योहान झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये सापडलं. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून एक सांधा तापवला तर शेजारची होकायंत्राची सुई हलते असं त्याला दिसलं आणि तो हे चुंबकत्वच समजून बसला, तिथे वीज वाहतेय हे नंतर ओर्स्टेडने ओळखलं. पायलटवरची कांडी तीच करामत करते, टोकाशी दोन वेगळे मिश्रधातू जोडलेले, टोक ज्योतीत आणि दुसरी बाजू त्यामानाने गार, या फरकातून साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट तयार होतात, म्हणजे पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या भागाइतके. म्हणून घरातली लाइट गेली तरी असा हीटर चालू राहतो, प्लग वगैरे भानगडच नाही.

आता एवढ्याशा विजेने व्हॉल्व्ह उघडतो का, तर नाही उघडत, आणि गंमत इथेच आहे. गॅस कंट्रोलमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या-अडवणाऱ्या नॉबवाल्या डब्यात, छोटं इलेक्ट्रोमॅग्नेट असतं, त्याच्यात स्प्रिंगच्या विरोधात व्हॉल्व्ह ओढून घ्यायची ताकद नसते पण कोणी हाताने ढकलून दिला तर धरून ठेवायची असते. म्हणून पायलट पेटवल्यावर नॉब अर्धा-एक मिनिट दाबून धरायचा, तोवर कांडी तापते, मग बोट सोडलं तरी ज्योत टिकते. ज्योत विझली की कांडी निवते, चुंबक सुटतं, आतून "टक्" असा आवाज येतो आणि मेन बर्नर आणि पायलट दोघांचा गॅस बंद. पुन्हा पेटवण्याआधी पाच मिनिटं थांबायचं, आणि गॅसचा वास येत असेल तर पेटवायचंच नाही, घराबाहेर पडून मग गॅसवाल्यांना फोन.

बोट सोडलं की पायलट विझतो, ही या यंत्राची नेहमीची तक्रार, आणि सगळे डोळे झाकून थर्मोकपल बदलतात कारण तो स्वस्त. मीही जानेवारीच्या थंडीत तेच केलं, नवा बसवला तरी तेच रडगाणं, शेवटी पायलटच्या भोकात कोळ्याचं जाळं निघालं, ज्योत पिवळी, मरतुकडी, कांडीला नुसती चाटून जात होती. ज्योत निळी हवी आणि कांडीचा वरचा साधारण एक सेंटिमीटर तिने वेढलेला हवा. दुसरं म्हणजे व्होल्टेज इतकं कमी असल्याने शेपटीच्या कंट्रोलला जोडायच्या टोकावर जरा काट चढली किंवा नट सैल राहिला की करंट अडतो, ते टोक नीट पुसायचं, नट हाताने आवळून वर पान्याने फक्त पाव फेरा, जोर काढला तर टोक चेपतं. कधी कधी पायलट टिकतो, मेन बर्नर थोडा वेळ चालतो आणि मग सगळंच बंद, कारण कांडीची गार बाजूही तापते, फरक कमी होतो आणि म्हातारं थर्मोकपल तिथे हार मानतं. आणि पाणी अति तापल्यास उडणारा फ्यूजही बऱ्याच कंट्रोलमध्ये याच सर्किटमध्ये असतो, तो गेला असेल तर दहा थर्मोकपल बदला, फरक शून्य, अख्खा कंट्रोलच बदलावा लागतो.

नव्या हीटरमध्ये असे बरेच जोड एकापुढे एक लावलेला थर्मोपाइल येतो, तो काही शे मिलिव्होल्ट देतो आणि कंट्रोलवरचा लुकलुकणारा छोटा दिवाही त्याच्याच जिवावर चालतो.

आपल्याकडच्या बाथरूममधल्या गॅस गिझरमध्ये मात्र बहुतेक वेळा कायम जळणारा पायलट नसतो, नळ सोडला की दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि ज्योतीतून वीज वाहतेय का हे बघून गिझर ज्योत ओळखतो. थर्मोकपल आपल्या घरात दिसतो तो नव्या बिल्ट-इन हॉबमध्ये, बर्नरच्या कडेला उभी असलेली छोटी पिन, नॉब तीन-चार सेकंद दाबून धरायला लावते तीच. ही सगळी मंडळी फक्त ज्योत आहे की नाही एवढंच सांगतात, बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होत असला तरी ज्योत पेटलेली म्हणजे त्यांच्या लेखी सगळं ठीक, तिथे झरोका उघडाच लागतो.