१९७५च्या अलीकडे आणि पलीकडे: जॉन मॅक्लॉफलिनच्या अल्बमांवरून होणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझमध्ये रॉक किंवा इतर संगीत मिसळलेला प्रकार, ऐकणारे लोक मोजकेच आहेत, पण जे आहेत ते वादाला पक्के आहेत. संभाजीनगरला निराला बाजारात चहाच्या टपरीवर म्हणा, नांदेडला कुणाच्या गच्चीवर म्हणा, जॉन मॅक्लॉफलिन या इंग्लिश गिटारवादकाचं नाव निघालं की लगेच तट पडतात. एका तटाला 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या त्याच्या रॉक-जॅझ वाद्यवृंदाचे पहिले दोन अल्बम सोडून बाकी सगळं सपक वाटतं. दुसरा तट 'शक्ती' या त्याच्या भारतीय वादकांबरोबरच्या संचाचा. त्यांच्या मते हा माणूस विजेची गिटार खाली ठेवून तबला आणि घटम (मडक्यासारखं मातीचं तालवाद्य) यांच्यासमोर मांडी घालून बसला, तेव्हा कुठे त्याला स्वतःचा सूर सापडला. तिसरा तट वयानं लहान आहे. तो शंकर महादेवनच्या आवाजाचं बोट धरून इथवर आला आणि त्याला 'शक्ती'च्या नव्या रूपातल्या 'सॅटर्डे नाईट इन बॉम्बे'पासून पुढचं सगळं आपलं वाटतं. १५ डिसेंबर २०२४ रोजी 'शक्ती'चे तबलावादक झाकीर हुसेन गेले. त्यानंतर घरोघरी जुने अल्बम पुन्हा लागले आणि वादाला नव्यानं धार आली.

हा वाद आवडीनिवडीचा असला तरी त्याची मुळं इतिहासात आहेत. ऐन भरात असलेल्या वादकानं एका वर्षात आपला सगळा साज बदलला आणि ऐकणारे कायमचे दोन बाजूंना विभागले गेले. ते वर्ष १९७५. त्याच्या मागचं आणि पुढचं नीट लावून पाहिलं, तर कोण कशासाठी भांडतंय हे कळतं.

मॅक्लॉफलिनचा जन्म ४ जानेवारी १९४२चा, यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरचा. आई व्हायोलिन वाजवायची. लंडनमध्ये नाव कमावून त्यानं जानेवारी १९६९मध्ये 'एक्स्ट्रापोलेशन' हा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि लगेच ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या बोलावण्यावरून न्यूयॉर्क गाठलं. फेब्रुवारीत तो जॅझमधला नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या 'इन अ सायलेंट वे'च्या ध्वनिमुद्रणाला बसला होता. ऑगस्टमध्ये 'बिचेस ब्रू' झाला आणि त्यातल्या एका तुकड्याला डेव्हिसनं चक्क 'जॉन मॅक्लॉफलिन' असं नाव दिलं. रॉकमधली वीज आणि जॅझमधली उपज एकत्र आणायची डेव्हिसची खटपट चालली होती. तिच्या ऐन मध्यावर हा सत्तावीस वर्षांचा इंग्रज जाऊन पोचला.

यानंतर आला १९७१चा 'माय गोल्स बियॉन्ड', आणि तोच वादात बहुतेकांच्या हातून सुटतो. हा अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारचा अल्बम आहे. त्यात बादल रॉय यांचा तबला आहे, मागे तंबोरा आहे. 'शक्ती'ची कल्पना १९७५मध्ये आकाशातून पडली असं मानणाऱ्यांनी हा एकदा ऐकावाच. भारतीय संगीताची ओढ त्याला महाविष्णूच्या आधीपासून होती आणि महाविष्णूच्या गदारोळातही ती कुठे गेली नाही.

तो गदारोळ मात्र खरोखर अपूर्व होता. गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं महाविष्णू हे नाव त्यानं आपल्या वाद्यवृंदाला दिलं. ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कोबम, कीबोर्डवर चेकोस्लोव्हाकियातून आलेला यान हॅमर, व्हायोलिनवर अमेरिकेचा जेरी गुडमन, बेसवर आयर्लंडचा रिक लेयर्ड. १९७१ला 'द इनर माउंटिंग फ्लेम' आला, १९७३ला 'बर्ड्स ऑफ फायर'. एकही गाणं नसलेला हा दुसरा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १५व्या क्रमांकापर्यंत चढला. केवळ वाद्यसंगीताच्या बाबतीत हे आजही अवघड आहे.

'बर्ड्स ऑफ फायर'चा पहिलाच तुकडा घ्या. घंटेचा घणाघात होतो, गिटारचे सूर एकामागून एक फिरायला लागतात, व्हायोलिन येतं आणि मग ड्रम कोसळतात. आवर्तन १८ मात्रांचं. पाश्चात्त्य रॉकला चारच्या पटीत चालायची सवय, त्यामुळे तिकडचे श्रोते या चालीनं चक्रावले. आपल्याकडे ज्याचा कान तालात तयार आहे त्याला १८ मात्रांची धास्ती वाटत नाही. तो बोटांवर मोजायला लागतो आणि समेची वाट पाहतो. 'द डान्स ऑफ माया'मध्ये दहाच्या हिशोबावर ब्लूजची चाल घातली आहे. झपताल हातात असलेल्या माणसाला दहा मात्रा परक्या नाहीत, पण इथली विभागणी वेगळी असल्यामुळे हात अडखळतो आणि त्या अडखळण्यातच मजा आहे. परभणीत भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या माणसाला हा तुकडा ऐकवला तर तो गिटारकडे लक्षच देत नाही, कोबम काय करतोय एवढंच विचारतो. मला ते रास्त वाटतं. पहिल्या दोन अल्बमांच्या मोठेपणात निम्मा वाटा कोबमचा आहे.

मूळ पाचजणांचा संच १९७३च्या अखेरीस फुटला. त्याच वर्षी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत केलेलं ध्वनिमुद्रण आपसातल्या बेबनावापायी पडून राहिलं, ते १९९९मध्ये 'द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स' म्हणून बाहेर आलं. पुढे नवा संच घेऊन १९७४ला 'अपोकॅलिप्स' झाला. सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, निर्माता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. त्याच्यावरूनही भांडणं होतात. माझं मत विचाराल तर वाद्यमेळ भव्य आहे, पण पाच माणसांची एकमेकांशी लागलेली झुंज त्यात हरवली. १९७५च्या 'व्हिजन्स ऑफ द एमराल्ड बियॉन्ड'मध्ये व्हायोलिनवादक जाँ-लुक पाँतीमुळे ती थोडीफार परत आली.

याच काळात मॅक्लॉफलिन अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. व्हायोलिनवादक एल. शंकरही तिथेच होता. झाकीरशी ओळख आधीच झाली होती. घटमवर टी. एच. विनायकराम आले, पहिल्या अल्बमपुरते मृदंगमवर रामनाड राघवन आले आणि 'शक्ती' उभी राहिली. हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम एका मंचावर नियमित वाजावेत ही गोष्ट तेव्हा आपल्याच देशात विरळा होती. आपण 'शक्ती'ला पूर्व-पश्चिमेचा मेळ म्हणतो. तिच्यात उत्तर-दक्षिणेचा मेळही तितकाच मोठा होता, याकडे आपल्या वादांत फारसं कुणी लक्ष देत नाही.

या संचासाठी त्यानं एब्राहम वेक्टर या कारागिराकडून खास गिटार बनवून घेतली. नेहमीच्या सहा तारांच्या खालून तिरक्या सात तारा ताणलेल्या, सतारीत आपोआप झंकारणाऱ्या तरफांसारख्या. शिवाय पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं. साध्या गिटारवर बोटाखाली लगेच लाकूड लागतं, तार खाली दाबायला जागाच नसते. इथे बोट खड्ड्यात उतरतं, तार खेचली जाते आणि एका पडद्यावरून सूर वर चढवत नेता येतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (सुराला दिलेलं आंदोलन) गिटारवर आणायची ही युक्ती आहे. ज्याला सतार किंवा वीणा माहीत आहे त्याला त्या खोलगट पट्टीकडे पाहिल्यावर हा माणूस कशाच्या मागे लागला होता ते समजतं.

दोन्ही तटांनी वाद घालण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. 'लोटस फीट' ही त्याची शांत, छोटी रचना १९७६मध्ये दोन अल्बमांत आली. एक महाविष्णूचा त्या काळातला शेवटला 'इनर वर्ल्ड्स', दुसरा 'शक्ती'चा पहिला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजमध्ये जुलै १९७५ला प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झालेला. पहिल्यात गिटारला सिंथेसायझर जोडलेला आहे. सूर गुळगुळीत, कुठेही न खरवडणारा. दुसऱ्यात तीच धून व्हायोलिन आणि अकूस्टिक गिटारवर येते, तारेवर बोट घासल्याचंही ऐकू येतं, खालून झाकीरचा डग्गा घुमतो. रचना एक, वर्ष एक, माणूस एक. पण पहिल्यात ती तरंगत राहते आणि दुसऱ्यात श्वास घेते. १९९९च्या 'रिमेंबर शक्ती'मध्ये हीच धून हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसह पुन्हा आली आहे, म्हणजे तुलनेला तिसरा पुरावाही हाताशी आहे.

'शक्ती'चे त्या काळातले अल्बम तीनच. त्यातला दुसरा, 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी', माझ्या दृष्टीनं मॅक्लॉफलिनच्या साऱ्या कारकिर्दीचं शिखर आहे. तो तोंडानं म्हटलेल्या बोलांनी सुरू होतो, मग तेच बोल वाद्यांवर उतरतात. 'इंडिया' हा तुकडा इतका सावकाश उलगडतो की महाविष्णूवाले कंटाळतात. पण तिथेच कळतं की जगातल्या अतिशय वेगवान बोटांच्या या धन्याला थांबताही येतं. १९७७चा 'नॅचरल एलिमेंट्स' आटोपशीर तुकड्यांचा आणि गोड आहे, तरी दुसऱ्याच्या जवळ जात नाही. महाविष्णूइतका खप यातल्या एकाचाही झाला नाही. संच थांबला आणि त्यानं पुन्हा विजेची गिटार हाती घेतली.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा आणि उलट्यासुलट्या क्रमानं पोचलं. १९७८ला मुंबईत 'जॅझ यात्रा' हा जॅझचा महोत्सव सुरू झाला तेव्हा इथून मुंबईला जायचं म्हणजे मीटरगेजच्या गाडीनं मनमाड आणि तिथे गाडी बदलायची. रेकॉर्डी मुंबई-पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांकडून यायच्या, पुढे त्यांच्या कोऱ्या कॅसेटवर नकला व्हायच्या. कॅसेटच्या नकलेची नक्कल, तिच्यावर पेनानं लिहिलेलं अर्धवट नाव. त्यामुळे एखाद्यानं १९७७चा अल्बम आधी ऐकला आणि १९७१चा दहा वर्षांनी, असं सर्रास घडलं. जो पहिला कानावर पडला त्याच्याशी निष्ठा जडली. आजच्या तटांचं बरंचसं कारण मला यात दिसतं.

गिटार शिकणाऱ्या पोरांना मात्र एका वेगळ्याच अल्बमानं वेड लावलं. 'फ्रायडे नाईट इन सॅन फ्रान्सिस्को', ५ डिसेंबर १९८०ची मैफल, सोबत स्पेनचा पाको दे लुसिया आणि अमेरिकेचा अल दी मिओला हे गिटारवादक. तीन अकूस्टिक गिटारी आणि नुसती शर्यत. चर्चमध्ये, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या कार्यक्रमांत गिटार धरणाऱ्यांना यातला वेग लगेच भिडला. वरातीतल्या बेंजोची द्रुत करामत ऐकत वाढलेल्या कानाला तो भिडावा यात नवल नाही. मला स्वतःला हा अल्बम टाळ्यांसाठी वाजवल्यासारखा वाटतो. त्यात पाकोची लयकारी आहे म्हणून तो तरतो. पण मराठवाड्यातल्या कितीतरी जणांसाठी हाच मॅक्लॉफलिनचा उंबरठा होता, हे मान्य करायलाच हवं.

मधल्या काळात त्रिलोक गुर्टूबरोबरचं त्रिकूट झालं. ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा जमिनीवर बसून ड्रम आणि तबला एकत्र वाजवायचा, पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून सूर वाकवायचा. १९८९ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मुद्रित झालेली त्यांची मैफल वादात क्वचितच निघते. ती निघायला हवी. दोन्ही तटांना हवं ते त्यात एकत्र आहे.

१९९७ला 'शक्ती' नव्या रूपात उभी राहिली. चौरसियांनंतर मेंडोलिनवर यू. श्रीनिवास आले, घटमवाल्या विनायकरामांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला. २००१चा 'सॅटर्डे नाईट इन बॉम्बे' मुंबईच्या मैफलींमधून घडला आणि त्यात शंकर महादेवन गायला, शिवकुमार शर्मांचं संतूर वाजलं. इथूनच तिसरा तट जन्मला. मराठी घरात शंकरचा आवाज आधीच ओळखीचा होता, त्यामुळे पहिल्यांदाच हे संगीत घरातल्या सगळ्यांसमोर लावता आलं. मी मात्र इथे जुन्यांच्या बाजूनं आहे. पाहुणे इतके झाले की संवादाला जागा उरली नाही. श्रीनिवासची मेंडोलिन आणि मॅक्लॉफलिनची गिटार समोरासमोर येतात त्या जागा अप्रतिम आहेत आणि त्या याच संचाच्या 'द बिलीव्हर' या अल्बममध्ये जास्त निवांत ऐकायला मिळतात. श्रीनिवास २०१४मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला.

२०२३च्या जानेवारीत 'शक्ती'नं पन्नाशीनिमित्त भारताचा दौरा केला, मुंबईतही मैफल झाली. त्याच वर्षी 'धिस मोमेंट' आला, 'नॅचरल एलिमेंट्स'नंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम, म्हणजे ४६ वर्षांनी. महासाथीच्या काळात प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी बसून वाजवलेलं त्यात जोडलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ला त्याला ग्रॅमी मिळालं. तरुण तटानं तो जिंकल्याचा निकाल मानला. जुन्यांची तक्रार अशी की समोरासमोर बसून एकमेकांना अडवणं, चकवणं, हसणं ही या संगीताची जान आहे आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसून ती येत नाही. ही तक्रार खरी आहे. पण झाकीरचा तबला त्यात अजूनही जागा सोडून, बोलत बोलत चालतो. तो संच त्यांच्याशिवाय पूर्वीसारखा होणे नाही, त्यामुळे 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' आणि 'धिस मोमेंट' पाठोपाठ लावून फक्त तबला ऐकण्याचं काम आता तिन्ही तटांकडे आलं आहे.