घरोघरी नवजात बाळसेवा

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन बाळाला तपासायचे, आजार ओळखायचा आणि शक्य तो उपचार तिथेच करायचा, ही आरोग्यसेवेची पद्धत. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि १९८६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली ‘सर्च’ ही संस्था यांनी ती गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली.

या कामाची पहिली पायरी न्यूमोनिया ही होती. १९८८ पासून १०४ गावांत झालेल्या अभ्यासात आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना मुलांचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखून तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक द्यायला शिकवले. अडचण निघाली ती मोजणीची. बाळाचा श्वास मिनिटाला साठापर्यंत मोजायचा, आणि अनेक दायांना तितके आकडे येत नव्हते. त्यावर मण्यांचे श्वासमापक यंत्र केले गेले : सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. बाईला शाळेत पाठवण्याऐवजी निदानच तिच्या आवाक्यात आणले, ही युक्ती पुढच्या सगळ्या कामात दिसते.

बालमृत्यू घटले, तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू मोठ्या प्रमाणात उरले. १९९५–९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी केली, तेव्हा त्यातली सुमारे ९५ टक्के बाळे घरीच जन्मलेली होती आणि ४२ टक्के कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोहोचली ती जेमतेम २.६ टक्के. बाळंतीण आणि बाळ बाहेर काढायचे नाही हा रिवाज, दवाखान्याचे अंतर आणि खर्च हे तर होतेच. शिवाय तान्हे बाळ आजारी पडले की ताप चढून आकांत करते असे नाही, ते नुसते मलूल होते. घरच्यांना ते शहाण्यासारखे निजलेले वाटते.

म्हणून आरोग्यदूत नेमल्या गेल्या. पाच ते दहा इयत्ता शिकलेली, गावातलीच बाई. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायचे, बाळ रडले नाही तर नळी आणि मास्कने श्वास द्यायचा, वजन व तापमान घ्यायचे, बाळाला ऊब द्यायची, चिकाचे दूध टाकू द्यायचे नाही, आणि ठरल्या दिवशी पुन्हा जायचे. जंतुदोष, म्हणजे रक्तात पसरलेला जीवघेणा जंतुसंसर्ग, ओळखण्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. आईला आणि आरोग्यदूताला दिसतील अशी लक्षणे वापरली गेली : दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार लागणे, पोट फुगणे किंवा उलटी, छाती आत ओढली जाणे, नाळेत पू. यातली दोन एकदम दिसली की जंतुदोष समजायचा. आईवडिलांना आधी रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा. ते तयार नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोलचे औषध ही दोन प्रतिजैविके सुरू करायची.

याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सेवा दिलेल्या ३९ गावांत १९९३–९५ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७–९८ मध्ये २५.५ पर्यंत खाली आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांमधले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र चाचण्यांत, बांगलादेशातील सिल्हेट आणि उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे, घरभेटींनी मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचे दिसले. महाराष्ट्रात ‘अंकुर’ प्रकल्पाखाली सात स्वयंसेवी संस्थांनीही ही पद्धत राबवली.

खरा वाद झाला तो इंजेक्शनवरून. डॉक्टर नसलेल्या बाईने दोन दिवसांच्या बाळाला सुई टोचावी, हे वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांना पटणारे नव्हते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारने हे काम आशा कार्यकर्त्यांकडे दिले : दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांचा भर मात्र तपासणी, सल्ला आणि आजारी बाळाला पुढे पाठवण्यावर राहिला. गडचिरोलीच्या आकड्यांमागचा एक मोठा वाटा घरी मिळालेल्या प्रतिजैविकाचा होता, त्यामुळे ही तडजोड किरकोळ म्हणता येत नाही. दुसरीकडे, आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात शिशू कक्ष आहेत, हेही खरे. रुग्णालय गाठणे शक्य नसेल तेव्हा बाळाला दवाखान्याबाहेर प्रतिजैविक इंजेक्शन देण्याची मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये काढली. त्यातही जेंटामायसिन आहेच.